खांदा मोजायची साधनं: कोणतं घ्यावं आणि कोणत्या आकड्यावर विसंबावं

बारा इंची प्लास्टिकचा गोनिओमीटर (दोन भुजांचा कोनमापक), तबकडीवाला इन्क्लिनोमीटर (कल मोजणारी डबी), हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा चुंबकाचा डिजिटल अँगल गेज, मोबाइलमधलं कोन दाखवणारं अ‍ॅप आणि शिंप्याची टेप. नाशिकच्या फिजिओथेरपी क्लिनिकांत खांदा किती वर जातो, किती वळतो आणि पाठीवर फरा (खांद्यामागचं चपटं हाड) कुठे बसलाय हे यांतल्याच एखाद्यानं मोजलं जातं. बऱ्याच ठिकाणी तर नुसत्या नजरेनं. निकाल आधीच सांगून टाकतो: पैसे घालायचे तर प्लास्टिकच्या गोनिओमीटरमध्ये घाला, त्याच्या जोडीला खिशातला मोबाइल वापरा, आणि फऱ्याचं अंतर मोजायला टेप घेऊन वेळ दवडू नका. मात्र सगळं साधनावरच अवलंबून नसतं. पेशंट कसा झोपवला, फरा कुणी दाबून धरला का, रीडिंग कितव्या वेळी घेतलं, यानं त्याच खांद्याचा आकडा सहज दहा-पंधरा अंशांनी हलतो.

गोनिओमीटर घेताना पारदर्शक, पूर्ण वर्तुळाचा, एकेका अंशाच्या खुणा असलेला घ्यावा. छोटा सहा इंची खांद्याला चालत नाही असं काही नाही. रिडल, रॉथस्टीन आणि लॅम्ब यांनी १९८७ मध्ये छोटा आणि मोठा दोन्ही वापरून पाहिले, विश्वासार्हतेत फरक आढळला नाही. तरी लांब भुजेचाच बरा, कारण खांद्यापासून कोपरापर्यंतची रेघ नजरेनं ओढण्यापेक्षा प्लास्टिकच्या कडेनं ओढणं सोपं, आणि इंटर्नच्या हाताला तेवढाच आधार मिळतो. दुकानातच भुजा उघडून तो उभा धरा. फिरती भुजा आपल्या वजनानं खाली घसरली तर रिव्हेट सैल आहे, दुसरा मागा. अंगावरून उचलून आकडा वाचेपर्यंत दोन-तीन अंश तिथेच निसटतात. भुजा बंद केल्यावर काटा शून्यावर यावा आणि सुताराच्या गुण्यात बसवल्यावर नव्वदावर. हे दोन्ही जमलं की कॅलिब्रेशन झालं. मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलात तर भुजा वाकते आणि मग कुठलाच गुण्या तिला सरळ करत नाही. स्पिरिटनं रोज पुसलं की छपाई उडत जाते, त्यापेक्षा साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं वापरा.

वाचताना होणारी नेहमीची चूक दुहेरी स्केलची. एक स्केल शून्याकडून १८० कडे जातं, दुसरं उलटं, त्यामुळे १३५ च्या जागी ४५ लिहिलं जातं. हात काटकोनाच्या पुढे गेलाय की अलीकडे आहे हे आधी डोळ्यानं ठरवावं आणि मगच आकडा वाचावा.

डिजिटल अँगल गेज सातपूर-अंबडकडच्या टूल विकणाऱ्या दुकानांत सहज मिळतो. फॅब्रिकेशनवाले आणि सुतार वापरतात तीच ही छोटी चौकोनी डबी. स्वस्त आहे, स्क्रीनवर दशांश दिसतो, त्यामुळे क्लिनिकच्या टेबलावर रुबाबदार दिसते. पण घेण्याआधी मागचा कागद वाचा. बऱ्याच मॉडेलवर मोजण्याची मर्यादा ‘४ × ९०°’ अशी लिहिलेली असते. म्हणजे आकडा ९० पर्यंत चढतो आणि पुढे परत उतरतो. हात शरीरालगत असताना शून्य केलं आणि तो १५० अंशांपर्यंत उचलला, तर स्क्रीन ३० दाखवेल. घाईत तोच ३० फाइलमध्ये उतरतो. ‘३६०°’ किंवा ‘±१८०°’ लिहिलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. खालच्या बाजूचं चुंबक जोरदार असतं, त्यामुळे पेसमेकर बसवलेल्या पेशंटच्या छातीजवळ ही डबी नेऊ नये. दंडावर धरायला पट्टा नसतो, वेल्क्रोचा पट्टा आपणच चिकटवावा लागतो. आणि दशांशाच्या रुबाबाबद्दल एवढंच: लीस्ट काउंट (साधन दाखवू शकतं तो सर्वांत छोटा फरक) म्हणजे अचूकपणा नव्हे, हे टूलरूममध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. ०.०५ अंश दाखवणारी डबी मऊ दंडावर तीन अंश तिरकी बसली, तर ते दशांश फक्त शोभेचे.

तबकडीवाला इन्क्लिनोमीटर भरवशाचा, पण त्यासाठी काही हजार मोजावे लागतात. त्यातला काटा गुरुत्वाकर्षणानं लोंबतो. घेताना डबी हळूच दोन्ही बाजूंना कलवून मूळ जागी आणा. काटा दर वेळी त्याच रेघेवर परतला पाहिजे, अडखळत असेल तर परत करा. बाहेरचं शून्य लावायचं कडं सैल झालं की हाताळताना आपोआप फिरतं, त्याला स्केचपेननं खूण करून ठेवावी.

मोबाइल फुकट, आणि नीट धरला तर गोनिओमीटरच्या तोडीचा. नीट धरणं म्हणजे काय ते महत्त्वाचं. पाठ टेकवून ठेवला तर कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो आधीच तिरका बसतो. म्हणून कव्हर काढायचं, लांब कड हाडावर टेकवायची, स्क्रीन फिरू नये म्हणून रोटेशन लॉक करायचं आणि आकडा गोठवायची सोय असलेलं अ‍ॅप घ्यायचं. रोटेशन मोजताना कड मनगटाच्या करंगळीकडच्या उंचवट्यापासून कोपराच्या टोकाकडे जाणाऱ्या हाडाच्या रेघेवर ठेवावी. अंगठ्याकडची बाजू टाळा, तिथे स्नायू जास्त असल्यानं कड डुगडुगते.

या तिन्ही गुरुत्वाकर्षणवाल्या साधनांची एक मर्यादा विकणारे सांगत नाहीत. आडव्या पातळीतली हालचाल त्यांना कळतच नाही. पेशंट बसलाय, कोपर कमरेला चिकटवलंय, आणि हात दार उघडल्यासारखा बाहेर वळवतोय: आखडलेल्या खांद्यात सगळ्यांत आधी अडते ती हीच हालचाल, आणि इन्क्लिनोमीटर इथे जागचा हलत नाही. मोबाइलचं होकायंत्र वापरता येईल असं वाटतं, पण लोखंडी चौकटीच्या प्लिंथशेजारी (पेशंटला झोपवायच्या टेबलाशेजारी) होकायंत्र भलतीकडे जातं. इथे गोनिओमीटरच हवा, किंवा पेशंटला उताणं झोपवून कोपर अंगाशी ठेवूनच मोजावं. झोपल्यावर ही हालचाल उभ्या पातळीत येते आणि मग कुठलंही साधन चालतं. प्लास्टिकला पहिला नंबर दिला तो यासाठीच.

प्लिंथवर काय बिघडतं

हात समोरून वर नेण्याची रेंज, म्हणजे फ्लेक्शन, बसवून मोजली तर पेशंट कमरेतून मागे झुकतो आणि दहा अंश पदरात पाडून घेतो. उताणं झोपवलं तरी पाय लांब सोडलेले असतील तर कमरेची कमान वाढते, छाती वर येते आणि आकडा फुगतो. म्हणून गुडघे दुमडून, तळपाय प्लिंथवर. गोनिओमीटरचा आस खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, अ‍ॅक्रोमिअनच्या (खांद्यावरच्या हाडाच्या) टोकापासून साधारण अडीच सेंटिमीटर खाली. स्थिर भुजा छातीच्या बाजूच्या मध्यरेषेला समांतर, फिरती भुजा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याकडे. हात वर गेल्यावर आसाची जागा त्वचेवरून सरकलेली असते, ती पुन्हा शोधावी लागते. सुरुवातीला पेननं मारलेली खूण तशीच धरून बसलं की चूक आत शिरते.

बाहेर वळवण्याची रेंज नव्वद अंशाच्या अ‍ॅबडक्शनमध्ये (हात बाजूला उचलून) मोजताना दंडाखाली टॉवेलची घडी हवी. घडीची उंची इतकी, की बाजूनं पाहिल्यावर दंडाचं हाड अ‍ॅक्रोमिअनच्या पातळीत दिसावं. घडी नसेल तर दंड मागे लोंबतो, खांद्याची पुढची बाजू ताणली जाते आणि पेशंट वळवायच्या आधीच तोंड वाकडं करतो. कोपर प्लिंथच्या कडेबाहेर, तिथे काटकोन, स्थिर भुजा जमिनीला लंब. गोनिओमीटरची ही लंब भुजा अंदाजानं धरली जाते. तिला दोरा आणि नट बांधून ओळंबा केला तर प्रश्नच मिटतो.

आत वळवणं, म्हणजे इंटर्नल रोटेशन, ही सगळ्यांत दगा देणारी हालचाल. हात आत वळत जातो, सांधा संपतो, आणि तिथून पुढे फरा पुढे कलंडायला लागतो. हात तरी चालूच राहतो, पेशंटला वाटतं जमतंय. थेरपिस्टनं खांद्याच्या पुढच्या बाजूला तळवा ठेवून कोरॅकॉइड (फऱ्याचा पुढे आलेला टोकदार भाग) आणि फरा दाबून धरला तर एक आकडा येतो, नुसता दंडाच्या हाडाचा माथा दाबला तर दुसरा, काहीच धरलं नाही तर तिसरा आणि सर्वांत मोठा. तिघेही ‘आयआर’ याच नावानं फाइलमध्ये जातात. १९८७ च्या त्याच अभ्यासात हा प्रकार आकड्यांत दिसतो. मोजणारा एकच असला तर सगळ्या पॅसिव्ह (थेरपिस्टनं हात हलवून केलेल्या) हालचालींचा आयसीसी, म्हणजे विश्वासार्हतेचा आकडा (१ म्हणजे पूर्ण), ०.८७ ते ०.९९. मोजणारे दोन झाले की फ्लेक्शन, अ‍ॅबडक्शन आणि बाहेर वळवणं ०.८४ ते ०.९० वर टिकतं, पण इंटर्नल रोटेशन, एक्स्टेन्शन (हात मागे नेणं) आणि आडव्या हालचाली ०.२६ ते ०.५५ पर्यंत घसरतात. गंगापूर रोडवर एकानं मोजलेलं इंटर्नल रोटेशन नाशिकरोडला दुसऱ्यानं मोजलेल्याशी ताडून पाहू नये ते यामुळे.

फरा दाबायला एक हात, पेशंटचा हात न्यायला दुसरा, मग साधन कोण धरणार? एकट्या माणसाला पॅसिव्ह इंटर्नल रोटेशन गोनिओमीटरनं नीट मोजताच येत नाही. दंडाखालच्या टॉवेलसह पेशंटच्या मनगटाला वेल्क्रोनं मोबाइल बांधला आणि आकडा स्क्रीनवरून वाचला, तर एकट्यानं जमतं. मोबाइलला दुसरा नंबर दिला त्याचं कारण हे.

पहिलं रीडिंग कधीही लिहू नये. आखडलेला सांधा दोन-तीनदा हलवला की थोडा सैल होतो आणि पेशंटही सावरतो. दोन वेळा नुसतं हलवून घ्यायचं, मग तीन रीडिंग आणि त्यांची सरासरी. शेक देण्याआधी मोजायचं की नंतर, हे एकदा ठरवून दर वेळी तसंच. उपचाराआधीचा आकडा शेकाआधीचा आणि उपचारानंतरचा शेकानंतरचा असेल, तर जी सुधारणा दिसते ती गरम पॅडची. निफाडकडच्या डिसेंबरातल्या गारठलेल्या सकाळी आलेला पेशंट आणि दुपारी आलेला तोच पेशंट, यांचंही तसंच. द्राक्षबागेत विरळणी-डिपिंगला (घड विरळ करून द्रावणात बुडवायला) दिवसभर मांडवाखाली हात वर करून काम केलेल्या माणसाचा खांदा संध्याकाळी तपासला, तर थकव्यानं फऱ्याची चाल बदललेली असते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच्या हंगामात अशा पेशंटांना सकाळची वेळ द्यावी, आणि पुढच्या वेळीही सकाळचीच.

०.९४ म्हणजे नेमकं किती अंश?

साधनांच्या जाहिरातीत ‘विश्वासार्हता ०.९४’ असं छापलेलं असतं. वाचणाऱ्याला ते चौऱ्याण्णव टक्के गुण वाटतात. कू आणि ली यांच्या २०१६ च्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पायऱ्यांनुसारही ०.९० च्या वर म्हणजे उत्तम. पण आयसीसीला अंश नसतात. माणसामाणसांत जो फरक आहे त्याच्या मानानं मोजण्याची चूक किती, एवढंच तो सांगतो. अंशांतली चूक काढायची तर हिशेब असा: गटाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) गुणिले (१ वजा आयसीसी) चं वर्गमूळ. समजा पेशंटांच्या गटात रेंजचं विचलन २० अंश आहे आणि आयसीसी ०.९४. वर्गमूळ येतं ०.२४५, चूक जवळपास ४.९ अंश. आता एकाच पेशंटची दोन वेगळ्या दिवसांची रीडिंग ताडायची, तर चूक दोन्हीकडे आहे आणि ९५ टक्के खात्री हवी, म्हणून तिला २.७७ नं गुणायचं. उत्तर साडेतेरा अंश. म्हणजे महिन्याभरात ९५ वरून १०२ झाले, सात अंशांची सुधारणा झाली, असं लिहिलेल्या कागदावर प्रत्यक्षात काही सुधारलंय की नाही हे सांगता येत नाही.

उलट बाजूही पाहा. निरोगी तरुणांचा गट घ्या, सगळ्यांची रेंज जवळपास सारखी, विचलन ६ अंश, आयसीसी फक्त ०.५०. ऐकायला भिकार. चूक येते ४.२ अंश, म्हणजे वरच्या ‘उत्तम’ साधनापेक्षा कमी! हे नुसतं गणितात होत नाही. नेदरलँड्समध्ये २००४ साली १५५ पेशंटांवर दोघांनी डिजिटल इन्क्लिनोमीटरनं मोजलं. दुखऱ्या खांद्याच्या पॅसिव्ह अ‍ॅबडक्शनचा आयसीसी ०.८३ आला, आणि त्याच पेशंटांच्या चांगल्या खांद्याचा ०.२८. चांगला खांदा मोजताना हात थरथरले नव्हते, सगळ्यांचे चांगले खांदे सारखे होते एवढंच. साधन विकणाऱ्याला म्हणून आयसीसी विचारू नका, ‘अंशांत चूक किती’ ते विचारा. उत्तर आलं नाही तर समजून जा.

साधनं आपसांत बदलू नयेत हेही इथेच. कोल्बर आणि हॅनी यांच्या २०१२ च्या अभ्यासात गोनिओमीटर आणि डिजिटल इन्क्लिनोमीटर दोघांचेही आयसीसी ०.९४ च्या पुढे होते. तरी एकाच खांद्यावरच्या या दोघांच्या आकड्यांत हालचालीनुसार २ पासून २० अंशांपर्यंत तफावत येऊ शकते असं दिसलं. एक पेशंट, एक साधन, शेवटपर्यंत.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सराव करणाऱ्या वेगवान गोलंदाजांच्या पालकांसाठी एक टीप. बेसबॉलच्या पिचरांवरच्या अभ्यासांतून आलेला नियम आपल्याकडे क्रिकेटला लावतात: दोन्ही खांद्यांच्या एकूण रोटेशनमध्ये (आत आणि बाहेर वळण्याच्या बेरजेत) ५ अंशांहून जास्त फरक दिसला तर दुखापतीचा धोका. मोजण्याची चूकच त्याहून मोठी असताना एका दुपारच्या एका रीडिंगवरून सोळा वर्षांच्या मुलाला गोलंदाजी बंद करायला सांगणं बरोबर नाही. निदान तीन वेगळ्या दिवशी, त्याच माणसानं, फरा दाबून मोजलेलं असावं. गोलंदाजीच्या हाताचं बाहेर वळणं जास्त आणि आत वळणं कमी असणं हे तर त्या हाताच्या रोजच्या कामातूनच येतं.

पाठीमागे हात

अंगठा पाठीवर कुठपर्यंत पोहोचतो ते पाहायचं आणि तिथला मणका लिहायचा. साधन लागत नाही, म्हणून सर्वांची आवडती चाचणी. हेज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ती तपासली तेव्हा दोन तपासणाऱ्यांतली विश्वासार्हता ०.२६ आणि एकाच तपासणाऱ्याची ०.३९ आली. कारणं साधी. कपड्यावरून, चरबीवरून मणका मोजताना एखाद-दुसरा मणका इकडेतिकडे होतोच. फऱ्याचं खालचं टोक सातव्या छातीच्या मणक्यासमोर असतं हे धरून मोजणी सुरू होते, आणि ते सगळ्यांत तिथे नसतं. शिवाय कमरेपासून वर अंगठा नेण्याचं काम बरंचसं कोपर आणि मनगट करतात, खांदा आधीच थांबलेला असतो. टेनिस एल्बोवाल्याचा अंगठा खाली राहिला म्हणून त्याचं इंटर्नल रोटेशन कमी ठरवायचं का?

तरीही ही चाचणी टाकून देऊ नये, तिचं काम वेगळं आहे. मानेचा ठळक सातवा मणका ते अंगठ्याचं टोक हे अंतर टेपनं सेंटिमीटरमध्ये घ्यावं, आणि शेजारी कामाची नोंद करावी: ब्लाउजचा हूक लागतो का, मागच्या खिशातलं पाकीट निघतं का, शर्ट खोचता येतो का. पेशंट येतो तो या कामांसाठी. टेपला या लेखात मिळालेली एवढीच शाबासकी.

फऱ्याची जागा

किब्लरची सरकचाचणी सगळीकडे शिकवली जाते. फऱ्याच्या खालच्या टोकापासून सर्वांत जवळच्या मणक्यापर्यंतचं अंतर तीन स्थितींत: हात बाजूला, हात कमरेवर, आणि हात नव्वद अंशांत पूर्ण आत वळवून. दोन बाजूंत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक म्हणजे बिघाड. आता टेप हातात घेऊन पाहा. फऱ्याचं टोक म्हणजे सुईचं टोक नव्हे, बोटाच्या पेराएवढा गोलसर भाग आहे. तिथे टेप अर्धा सेंटिमीटर वर की खाली, मणक्याच्या काट्यावर अर्धा सेंटिमीटर डावीकडे की उजवीकडे: एक सेंटिमीटर तिथेच गेला. तिसऱ्या स्थितीत स्नायू फुगतात, त्वचा हाडावरून सरकते, टोक चाचपडूनही सापडत नाही. ओडम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की ही चाचणी दुखऱ्या आणि धडधाकट खांद्यांत फरकच करू शकत नाही. उजव्या हातानं काम करणाऱ्या धडधाकट माणसाचाही उजवा फरा बरेचदा थोडा खाली असतो. ‘फरा दीड सेंटिमीटर बाहेर आहे’ असा रिपोर्ट देऊन वीस सिटिंगचं पॅकेज सुचवलं जात असेल, तर पॅकेज घेऊ नका.

प्लिंथवर उताणं झोपवून अ‍ॅक्रोमिअनच्या मागच्या कडेपासून प्लिंथपर्यंत मोजायची पेक्टोरॅलिस मायनरची (छातीतून फऱ्याला जोडलेल्या छोट्या स्नायूची) चाचणी याहून गमतीची. नियम असा की २.६ सेंटिमीटरपेक्षा जास्त आलं तर स्नायू आखडलाय. लुईस आणि व्हॅलेंटाइन यांनी २००७ मध्ये ती तपासली. विश्वासार्हता फार छान, एकच माणूस पुन्हापुन्हा मोजून तोच आकडा आणतो. पण खांदा दुखणारे आणि न दुखणारे, सगळेच २.६ च्या वर निघाले. विशिष्टता, म्हणजे न दुखणाऱ्यांना ‘ठीक’ ठरवण्याची ताकद, शून्य. दर वेळी तेच उत्तर देणारी आणि दर वेळी ‘आखडलाय’ म्हणणारी चाचणी! त्यातही मोजायचंच असेल तर कंपासपेटीतला प्लास्टिकचा गुण्या वापरू नका, त्याचं शून्य कडेपासून थोडं आत असतं. पोलादी पट्टी घ्या, जिचं शून्य कडेवरच असतं. आणि मऊ फोमचा प्लिंथ जड माणसाखाली जास्त दबतो, त्याचं अंतर आपोआप कमी भरतं.

फऱ्याची जागा मोजण्यापेक्षा त्याची चाल पाहणं जास्त उपयोगी, आणि त्यासाठी डंबेलशिवाय काही लागत नाही. मॅक्लुअर आणि सहकाऱ्यांची २००९ ची पद्धत: पाठ उघडी, हातात वजन, अंगठे वर, तीन मोजेपर्यंत हात वर आणि तीन मोजेपर्यंत खाली, समोरून पाच वेळा आणि बाजूनं पाच वेळा. साधारण ६८ किलोच्या आतल्या माणसाला १.४ किलो, त्यावरच्याला २.३ किलो. दुकानात हे आकडे मिळत नाहीत, १.५ आणि २.५ घ्या आणि तसं लिहा. दोन-तीन मीटर मागे उभं राहून फरा पाठीपासून सुटतो का, उतरताना एकदम गचका खातो का, खांदा आधीच कानाकडे चढतो का हे पाहायचं आणि नॉर्मल, किंचित, उघड यांपैकी एक लिहायचं. दोन तपासणाऱ्यांचं एकमत किती ते सांगणारा कॅप्पा ०.४८ ते ०.६१ पर्यंत, म्हणजे मध्यम. पण मतभेद बहुतेक ‘किंचित’वर होतात, ‘उघड’ बिघाड दोघांनाही दिसतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, पेशंटची परवानगी घेऊन. वजनाशिवाय ही चाचणी करू नये, रिकाम्या हातानं कितीतरी बिघाड दिसतच नाहीत.

बिघाड दिसला की लगेच फरा हातानं धरून वर-बाहेर वळवायला मदत करायची आणि पेशंटला पुन्हा हात उचलायला सांगायचं. दुखणं कमी झालं की चाचणी पॉझिटिव्ह. २००६ मध्ये तपासली तेव्हा कॅप्पा ०.५३ ते ०.६२ आला. आकडा काही फार भारी नाही, पण उपचार कुठे सुरू करायचा ते या चाचणीतून तिथल्या तिथे कळतं, जे टेपनं कळत नाही.

सांध्याची जागा डोळे मिटून ओळखता येते का हे पाहायला लेझर पॉइंटर पुरतो. दंडाला बांधा, भिंतीपासून खांदा बरोबर एक मीटरवर ठेवा. हात आडवा असताना लेझरचा ठिपका १.७५ सेंटिमीटर सरकला की एक अंश चुकला. पण १२५ अंशांवर, ठिपका वर चढलेला असताना, एक अंशाला जवळपास २.६ सेंटिमीटर पडतात. सगळीकडे एकच भागाकार केला तर वरच्या कोनात पेशंट उगाच नापास होतो. ठिपका कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नये.

शेवटी फाइलमधली ओळ. ‘एसएच रॉम ↑’ (खांद्याची रेंज वाढली) एवढ्यावर पुढच्या थेरपिस्टला काहीही करता येत नाही. अशी ओळ हवी: उजवा, उताणा, गुडघे दुमडलेले, पॅसिव्ह बाहेर वळवणं, कोपर अंगाशी, १२ इंची गोनिओमीटर, शेकाआधी, दोन सराव, ३८-४०-४१, सरासरी ४०, शेवटाला दुखणं, डावा ६५. मधुमेह असेल तर तेही त्याच ओळीत, कारण अशा पेशंटचा दुसरा खांदाही आखडत असण्याची शक्यता जास्त, आणि मग ‘डावा ६५’ हा तुलनेचा पायाच डळमळीत असतो.